आकृती दोनशे बारा

बाईंनी लॅपटॉपची पिशवी काउंटरवर ठेवली, बोटांनी काउंटरची कड चाचपून पाहिली, मग हातातल्या पांढऱ्या काठीच्या चार घड्या केल्या आणि ती पिशवीच्या कप्प्यात सरकवली.

"सोमवारी माझे भाऊ हा घेऊन आले होते तुमच्याकडे. किती सेकंदांत सुरू होतो म्हणून सांगितलंत त्यांना?"

"अडतीस," घाईराव म्हणाला. आकडा तोंडातून निघाला तेव्हा त्यात रुबाब होता. मग त्याचं लक्ष काठीच्या टोकाकडे गेलं आणि रुबाब जागच्या जागी विरला.

घाईराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ते शेजारच्या झेरॉक्सवाल्या ताईंनी ठेवलं होतं. त्याच्या दुकानात सकाळी आलेला लॅपटॉप पुष्कळदा संध्याकाळीच घरी जायचा, आणि गिऱ्हाईक तक्रार सांगत असतानाच याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर असायचा. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं ताई त्याच्या तोंडावर म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे. उलट शाबासकी मिळाल्यासारखा तो हसायचा.

सोमवारीही त्याने घाईच केली होती. बाईंचे भाऊ म्हणजे साठीचे, अबोल गृहस्थ. 'सुरू व्हायला सहा मिनिटं लागतात,' एवढंच बोलले, पावती घेतली आणि गेले. लॅपटॉप कोणाचा, कशासाठी लागतो, हे त्यांनी सांगितलं नाही आणि याने विचारलं नाही. टेबलावर आणखी सहा लॅपटॉप रांगेत होते. त्याने हा सुरू केला आणि पाठ करून दुसऱ्याचा कीबोर्ड बदलायला बसला. पाचेक मिनिटांनी पाठीमागून जे ऐकू आलं, त्याने त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. लॅपटॉप बडबडत होता. एका पट्टीत, श्वास न घेता, अक्षरं एकमेकांवर चढवत, पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा. त्याने आयुष्यात असं काही ऐकलं नव्हतं.

निदान त्याने तिथल्या तिथे करून टाकलं: आवाजाचा बिघाड. त्यातच सगळा वेळ जात असणार. लॅपटॉप सुरू होताना आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांची यादी उघडली तर त्यात सतरा नावं. जुन्या प्रिंटरचा मदतनीस, हवामान सांगणारा, गाणी वाजवणारा, आणि एक असा की ज्याच्या नावावरून काही बोधच होईना. त्याने पंधरा बंद केले. तो अनोळखी बंद करताच बडबड थांबली. पडद्याच्या कोपऱ्यातून डोकावणाऱ्या सूचनाही त्याने त्याच ओघात बंद करून टाकल्या. पुन्हा सुरू करून घड्याळ लावलं: अडतीस सेकंद. डिस्कची पूर्ण तपासणी करायला दीड तास लागतो. अडतीस सेकंद दिसल्यावर दीड तास कोण घालवणार?

"म्हणजे तो जो बोलत होता..." घाईराव आता काउंटरपलीकडे उभा राहून म्हणाला.

"तो माझा वाचक. पडद्यावर जे येतं ते मला वाचून दाखवतो. मंगळवारी सुरू केला तर मौनव्रत!"

"मॅडम, चूक झाली. मला कळलंच नाही. मी आत्ता लगेच..."

"लगेच नको," बाई म्हणाल्या. "लगेच तुम्ही सोमवारी केलंत. वाचक मी अर्ध्या मिनिटात परत आणला, तीन बटणं एकदम दाबली की येतो. त्यासाठी मी दोन बस बदलून आलेले नाही. खुर्ची आहे का?"

त्याने खुर्ची आणली. बाई बसल्या, साडीचा पदर नीट केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बोलू लागल्या. त्या अंध मुलांच्या शाळेत गणित शिकवत होत्या हे त्याला नंतर कळलं, पण शिकवणारं कोणीतरी बोलतं आहे हे पहिल्याच वाक्याला कळलं.

"जानेवारीत हा दीड मिनिटात सुरू व्हायचा. मी मोजते. मोजायची सवयच आहे मला. मार्चमध्ये सहा मिनिटं. मधल्या काळात मी यात नवीन काही घातलं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"तुम्ही जे पंधरा बंद केलेत, ते जानेवारीतही होते?"

घाईरावने डोकं खाजवलं. "होते. सगळे जुनेच होते."

"मग जे जानेवारीतही होतं, ते मार्चमधल्या दुखण्याचं कारण कसं असेल?"

चौदा वर्षं तो हे काम करत होता. त्याच्या भिंतीवर तीन प्रमाणपत्रं लटकत होती आणि त्यांतल्या एकालाही हा साधा प्रश्न पडला नव्हता.

"तुम्ही ओझं कमी केलंत म्हणून तो धावला," बाई म्हणाल्या. "पण पाय दुखतोय तो दुखतोच आहे. मंगळवारी अडतीस सेकंद. काल एक मिनिट पन्नास. आज सकाळी चार मिनिटं. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं झालंय हे."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता आणि तेच त्याला जड गेलं. रागावलेल्या गिऱ्हाइकाला कसं शांत करायचं हे त्याला ठाऊक होतं. बरोबर असलेल्या गिऱ्हाइकाचं काय करायचं हे ठाऊक नव्हतं.

"एक विचारू?" बाई म्हणाल्या. "तो बोलत होता तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

"खरं सांगू? बिघाड वाटला. माणसाची भाषा असेल असं वाटलंच नाही. मी तर..." इथे त्याने थांबायला हवं होतं, पण घाईराव तो घाईरावच. "मी तर मोबाइलवर रेकॉर्ड करून मित्राला पाठवला. गंमत म्हणून."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जमीन दुभंगली असती तर तो आनंदाने आत गेला असता. पण बाई मोठ्याने हसल्या.

"मी चौपट वेगाने ऐकते. दादांनासुद्धा त्यातलं ओ की ठो कळत नाही. घरात मिक्सर लागल्यासारखं वाटतं म्हणतात. ऐकवा बघू, तुमच्या मित्राने काय ऐकलं ते."

त्याने मोबाइल काउंटरवर ठेवला आणि बटण दाबलं. अकरा सेकंदांची बडबड दुकानात सांडली. बाई हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होत्या. सहाव्या-सातव्या सेकंदाला चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात कोणी उरलं नाही.

"पुन्हा लावा."

त्याने पुन्हा लावलं. त्याला पुन्हा नुसते वाटाणे ऐकू आले.

"तो म्हणतोय," बाई एकेक शब्द वेगळा काढत म्हणाल्या, "हार्ड डिस्कमध्ये बिघाड आढळला आहे. माहिती गमावू नये म्हणून लगेच प्रत काढा."

चोर सोडून संन्याशाला फाशी. एवढी एकच म्हण त्याला आठवली. लॅपटॉप ओरडून सांगत होता आणि त्याने त्याच्या तोंडाला बोळा कोंबला होता. वर सूचनाही बंद केल्या होत्या, म्हणजे नंतर कोणाला कळायची सोयही नाही.

"आणि मी रोज हे कसं ऐकलं नाही?" बाई जणू स्वतःलाच विचारत होत्या. लगेच त्यांनीच उत्तर दिलं. "सहा मिनिटं त्याच्यासमोर कोण बसणार? बटण दाबून मी गच्चीत कुंड्यांना पाणी घालायला जायचे. म्हणजे माझ्याही घरी तो भिंतींनाच सांगत होता."

"यात काय आहे तुमचं, बाई?" मॅडमचं बाई कधी झालं हे त्याला कळलं नाही.

"भूमितीचं पुस्तक. आमच्या मुलांच्या पुस्तकात आकृती नसते. जिथे आकृती हवी तिथे दोनच शब्द असतात: 'आकृती पाहा'. नऊ वर्षं मी त्या दोन शब्दांशी भांडते आहे. तीनशे चाळीस आकृत्या आहेत. प्रत्येकीचं शब्दांत वर्णन, असं की ऐकत ऐकत मुलाला ती बोटांनी काढता यावी. सोमवारी ब्रेल छापखान्यात द्यायचंय. या वर्षी नाही दिलं तर छपाईची पुढची पाळी तीन वर्षांनी, आणि तोवर मी शाळेत नसेन."

"दुसरी प्रत?"

"फेब्रुवारीतली आहे, पेनड्राइव्हवर. एकशे चाळीस आकृत्यांची. पुढची काढू काढू म्हणत राहिली."

घाईरावने त्या दिवशी दुकानाचा दरवाजा अर्धा ओढून घेतला. टेबलावरचे बाकीचे लॅपटॉप त्याने खाली रांगेत ठेवले. मग त्याने बाईंचा लॅपटॉप उलटा केला आणि स्क्रू काढू लागला, एकेक करून, हळू. झेरॉक्सवाल्या ताई सुटे मागायला डोकावल्या. त्याला असं काम करताना पाहून त्या सुटे न मागताच परत गेल्या.

आता तो जे करणार होता ते त्याने बाईंना आधी सांगितलं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. लॅपटॉप सुरू करायचाच नाही. दर वेळी सुरू केला की डिस्क आणखी झिजते. डिस्क बाहेर काढायची, आपल्या संगणकाला बाहेरून जोडायची, आणि सगळ्यात आधी पुस्तक उतरवून घ्यायचं. बाकीचं नंतर, मिळालं तर मिळालं.

"डिस्क कुठे असेल? माझ्या हाताला लागेल?"

त्याने टेबलावरची जोडलेली डिस्क दाखवली, म्हणजे बाईंचं बोट धरून तिच्यावर टेकवलं. बाईंनी दोन बोटं तिच्या धातूच्या पाठीवर ठेवली, डॉक्टर नाडीवर ठेवतात तशी, आणि मान किंचित कलती केली.

फाइली येऊ लागल्या. एकशे एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. पडद्यावरची हिरवी पट्टी सरकत होती आणि घाईराव डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघत होता.

"थांबवा," बाई म्हणाल्या.

"चाललंय की नीट."

"अडखळतेय ती. थांबवा."

त्याने थांबवलं. आणि थांबवता थांबवता त्याच्या लक्षात आलं की पट्टी जागच्या जागी गोठली होती. बाई बोलल्यानंतर गोठली होती, आधी नव्हे. डिस्क गरम झाली होती. त्याने छोटा पंखा तिच्याकडे वळवला, दहा मिनिटं जाऊ दिली, मग पुन्हा सुरुवात केली.

असं सात-आठ वेळा झालं. प्रत्येक वेळी बाईंच्या बोटांना पडद्याच्या आधी कळलं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला घाईरावने पट्टीकडे बघणं सोडून दिलं आणि बाईंच्या हाताकडे बघू लागला.

"हे तुम्हाला कसं जमतं?"

"जमायला काय झालं? तुम्ही चौदा वर्षं या डिस्का हाताळताय, तुम्हालाही जमेल. पण तुम्ही बघत बसता. बघणारा माणूस ऐकायचं काम दुसऱ्यावर टाकतो."

वाक्य साधंच होतं, पण त्याला ते लिहून ठेवावंसं वाटलं. आपल्या धंद्यात आपण हुशार आहोत असं त्याला वाटायचं. हुशारी म्हणजे वेग, असा त्याचा समज होता. इथे ही बाई खुर्चीत स्वस्थ बसून दोन बोटांनी त्याचं सगळं दुकान शिकवत होती, आणि त्याचा त्याला राग येत नव्हता, आनंद होत होता.

साडेपाचला मोजणी झाली. एकशे एक्केचाळीस ते तीनशे चाळीस, दोनशे फाइली हव्यात. आल्या एकशे नव्याण्णव.

"दोनशे बारा नाही आली," तो म्हणाला. "तीनदा प्रयत्न केला. आणखी ताणलं तर डिस्क कायमची बंद पडेल."

"राहू दे तिला. दोनशे बारा माझ्या डोक्यात आहे. मी सांगते, तुम्ही उतरवून घ्या. आणि एक कागद घ्या, पेन्सिल घ्या. मी सांगेन तसं काढायचं."

"मी? बाई, भूमितीत मला पस्तीस होते, आणि तेही मास्तरांच्या कृपेने."

"उत्तम. दादांना शाळेत पंच्याऐंशी होते. आजवरच्या सगळ्या आकृत्या त्यांनीच काढून बघितल्यात. मी वाक्य वाचायचं, त्यांनी काढायचं, आकृती बरोबर आली की वाक्य पक्कं. लिही."

त्या 'लिही'वर तो मुकाट्याने बसला. टाइप करत होता आणि मधे मधे कागदावर काढत होता. कागदाच्या मधोमध एक मोठं वर्तुळ काढा. वर्तुळापासून तीन बोटं अंतरावर एक बिंदू घ्या. त्याला प म्हणा. प मधून जाणारी आणि वर्तुळाला एकाच ठिकाणी टेकणारी सरळ रेघ काढा. तशीच दुसरी रेघ दुसऱ्या बाजूने काढा.

त्याने रेघ काढली. खोडली. पुन्हा काढली. परीक्षेच्या हॉलमध्ये करायचा तसा तो पेन्सिलचं टोक चावू लागला.

"झालं?"

"नाही होत, बाई. रेघ एका ठिकाणी टेकतच नाही. कशीही काढली तरी वर्तुळाला दोन ठिकाणी कापते. माझंच काहीतरी चुकतंय."

"प कुठे घेतलास?"

"तीन बोटं अंतरावर. आत."

"आत?"

"वर्तुळ मोठं काढलंय ना. आत मावला."

डिस्कवर ठेवलेली बोटं बाईंनी उचलली आणि टेबलावर हळूहळू एक गोल काढला, मग त्या गोलाच्या आत एक बोट टेकवलं, मग बाहेर. घाईराव वाट पाहत होता. सोमवारची धरून ही त्याची दुसरी चूक होती आणि आता तरी बाई रागावतील असं त्याला वाटलं.

"मी 'बाहेर' म्हटलंच नाही," बाई म्हणाल्या. "मूळ फाइलीतही नव्हतं. नक्की नव्हतं, मला वाक्य पाठ आहे. दादांनी प बाहेर घेतला, कारण त्यांना आकृती आधीच ठाऊक होती. माझ्या मुलांना ती ठाऊक नाही. त्यांनी प आत घेतला असता, आणि रेघ टेकली नाही म्हणून स्वतःलाच मठ्ठ म्हणून घेतलं असतं."

"म्हणजे मी..."

"तू सांगितलं तेच केलंस. चूक तुझी नाही, वाक्याची आहे. खोड ते. लिही: वर्तुळाच्या बाहेर, उजवीकडे, तीन बोटं अंतरावर."

त्याने लिहिलं. नवा कागद घेतला. या वेळी पेन्सिल वरून अलगद वर्तुळाला टेकून पुढे गेली, खालून टेकून गेली, आणि दोन रेघांच्या कुशीत वर्तुळ नेमकं बसलं. प पासून टेकण्याच्या जागेपर्यंत दोन्ही रेघांची लांबी सारखी दिसत होती. त्याने पट्टी लावून बघितली. सारखीच होती.

"सारख्या आल्या!" तो एवढ्या मोठ्याने म्हणाला की ताई पुन्हा डोकावल्या.

"येणारच," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खुलला. "उरलेल्या तीनशे एकोणचाळीस आता मला पुन्हा वाचायला हव्यात. पंच्याऐंशीवाल्या माणसाकडून तपासून घेतल्यात ना!"

"सोमवारपर्यंत?"

"चार दिवस आहेत. माणूस तेवढा हवा, पस्तीसवाला."

शुक्रवारी दुपारी बाई परत आल्या तेव्हा टेबलावर एकच लॅपटॉप होता. आत नवी डिस्क होती, जिच्यात फिरणारं काही नसतं. घाईरावने पुस्तकाच्या दोन प्रती काढून वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवल्या होत्या आणि एकाला दोरा बांधला होता, हाताला ओळखू यावा म्हणून. सूचना परत सुरू केल्या होत्या. आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत आता चारच नावं होती आणि वाचक सगळ्यांत वर होता.

बाईंनी बटण दाबलं आणि बोटं टेबलावर धरून मोजू लागल्या. अठरा, एकोणीस. एकोणिसाव्या सेकंदाला वाटाणे सांडले.

"एकोणीस," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तो आकडा ऐकायला घाईराव सकाळपासून थांबला होता. पण आता त्याचं लक्ष आकड्याकडे नव्हतं. तो लॅपटॉपकडे बघत होता.

"काय म्हणाला तो?"

बाईंनी मान वळवली. मग त्यांनी एक फाइल उघडली आणि दोन बटणं धरून आवाजाचा वेग उतरवू लागल्या. एक पायरी, दोन पायऱ्या. वाटाणे विरळ होत गेले. तिसऱ्या पायरीला त्यातून एखादं अक्षर ओळखू येऊ लागलं, पाचवीला शब्द. सहाव्या पायरीला बाईंनी फाइल पहिल्यापासून लावली, आणि एक शांत, स्पष्ट आवाज दुकानात बोलू लागला.

"आकृती दोनशे बारा. कागदाच्या मधोमध एक मोठं वर्तुळ काढा. वर्तुळाच्या बाहेर, उजवीकडे..."

दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी होती. त्यांतलं एक काउंटरवर बोटं वाजवत होतं. घाईरावने त्यांना हातानेच जरा थांबा म्हणून खूण केली आणि पेन्सिल शोधू लागला.